सारख्याच भरलेल्या दोन ट्रॉल्या

धुलाई कारखान्यात टॉवेलांच्या घड्या घालायच्या टेबलावर दोघी जावा समोरासमोर उभ्या राहायच्या. थोरलीचा हात असा चालायचा की बघणाऱ्याची नजर मागे पडावी. धाकटीचं मनगट मात्र वाफेच्या इस्त्रीने भाजल्यापासून आखडलं होतं. म्हणून मुकादमाची पाठ वळली की थोरली आपल्या घड्यांची चळत हळूच पलीकडे सरकवायची. सुट्टीच्या वेळी दोघींच्या ट्रॉल्या सारख्याच भरलेल्या. याबद्दल त्या एकमेकींशीही कधी बोलल्या नाहीत. बोलायचं काय त्यात?

मग कारखाना नव्या मालकाने घेतला आणि दर टेबलामागे एकच बाई ठेवायचं ठरलं. दोघींत वेगवान कोण, हे नवा साहेब प्रत्येकीला विचारणार होता, तेही इंग्रजीत. बायकांची भाषा शिकायची त्याला कुठे गरज पडली होती?

थोरलीने लेकीला धरलं. भाजी चिरता चिरता शिकवणी सुरू झाली.

"फास्ट म्हणजे वेगवान. कुणापेक्षा जास्त वेगवान असेल तर फास्टर दॅन. कमी असेल तर स्लोअर दॅन. बस इज फास्टर दॅन सायकल."

"आमची बस? ती कसली फास्टर."

लेक हसली. "बरं, तू आणि काकू घे. आय ॲम फास्टर दॅन हर. एवढं बोललीस की तुझी नोकरी पक्की."

थोरलीची सुरी थांबली. दीर अंथरुणाला खिळलेला, त्या घरची चूल धाकटीच्याच पगारावर पेटायची.

"आणि दोघी सारख्याच असतील तर?"

"ॲज फास्ट ॲज. पण आई, खरं तर तू..."

"तू इंग्रजी शिकव. शहाणपण राहू दे."

सारख्याच म्हटल्यावर साहेब पेचात पडेल आणि दोघींनाही ठेवील, असा तिचा हिशोब. भाबडी बाई! कामावर जाताना वाटेत तिने धाकटीकडूनही सगळे शब्द घोटून घेतले.

साहेब टेबलाशी आला. थोरली न अडखळता म्हणाली, "शी इज ॲज फास्ट ॲज मी."

साहेबाने दोन्ही ट्रॉल्या पाहिल्या, खूश झाला, मुकादमाला काहीतरी म्हणाला. मुकादम खाली बघत थोरलीला म्हणाला, "काम सारखंच आहे, तर वयाने लहान आहे तिला ठेवा म्हणतात."

थोरलीच्या जिभेवर फास्टर आलं होतं. शब्द फक्त तोंडाबाहेर पडायचा बाकी होता. समोर धाकटी टॉवेल छातीशी धरून तिच्याकडे बघत होती. थोरलीने तो शब्द गिळला, ॲप्रन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. रस्त्यावर तिला रडू आलं, पण मनात कुठेतरी बरंही वाटत होतं, निदान एक घर तरी सावरलं म्हणून.

आठवडा सरायच्या आत धाकटी भरदुपारी तिच्या दारात उभी राहिली.

"अगं, या वेळी कशी?"

"एकटीच्याने ट्रॉली अर्धीसुद्धा भरेना, ताई. साहेबाने बघितली. खूप काय काय बोलला. त्यातलं मला स्लोअर तेवढं कळलं." तिने आखडलेलं मनगट चोळलं. "तुम्हीच शिकवलं होतंत ना."

थोरलीने तिला आत घेतलं. दोघी समोरासमोर बसल्या, मधे काही नव्हतं, आणि सरकवायलाही काही उरलं नव्हतं.