सातव्या मजल्याची नववी तबकडी

“तुम्ही बाबांचे मित्र का?” मुलीने दारातच विचारलं.

“हो,” काटेसाहेब म्हणाले. त्या माणसाला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मुलगी बाजूला झाली. आतल्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर पाणीपुरवठा खात्यातली माणसं गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसली होती. गेलेला माणूस त्या खात्यात पंप दुरुस्त करायचा. काटेसाहेबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि त्या एका फेरीत सगळ्यांना नापास करून टाकलं. आपण रोज कोणाबरोबर चहा पीत होतो, हे यांच्यातल्या एकाच्याही गावी नसणार. जावई टाइल्स विकायचा, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तोही नापास झाला.

काटेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी तराजूच्या काट्याकडे पाहायचे, मग दुकानदाराकडे, आणि दोन्हीकडे सारख्याच संशयाने. नाव तिथूनच पडलं. ‘काटा आला’ असं दुकानदार एकमेकांना कळवायचे, तेव्हा त्यांच्या मनात तराजू नसायचा आणि काटेसाहेबांना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. ज्यांची आपल्याला किंमत नाही त्यांनी आपल्याला काय म्हणावं, याची ते फिकीर करत नसत. आणि किंमत त्यांना कोणाचीच नव्हती. ऑफिसातले साहेब खुशमस्करे, कारकून कामचुकार, मेहुणा गाडीत गाणी लावून स्टिअरिंगवर ठेका धरणारा. “लोक ऐकतात तो आवाज,” ते म्हणायचे, “संगीत वेगळं.”

संगीत म्हणजे जॅझ, आणि त्यातही एका सॅक्सोफोनवाल्याने काढलेल्या तबकड्या. हा सॅक्सोफोनवाला एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहायचा. मोठ्या कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा त्याने स्वतःचीच कंपनी काढली, तिला ‘सातवा मजला’ नाव दिलं आणि राहत्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्डिंग सुरू केलं. जेमतेम दोन वर्षं कंपनी चालली. आठ तबकड्या निघाल्या. नववी छापून आली आणि त्याने ती ऐकली. तिच्यात डबल बास वाजवणारा, म्हणजे ते माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं वाद्य वाजवणारा, त्याच्यापेक्षा चांगला वाजला होता. सॅक्सोफोनवाल्याने छापलेल्या सगळ्या तबकड्या जिन्यात आपटून फोडल्या. कंपनी बंद पडली. तो पुढे कुठल्याशा जहाजावर प्रवाशांसमोर वाजवायला गेला आणि तिकडेच संपला. बासवाल्याने मात्र एक प्रत आधीच घरी नेली होती, अशी वदंता होती.

काटेसाहेबांकडे आठ होत्या. त्यांच्याइतकाच वेडा दातांचा डॉक्टर होता, त्याच्याकडेही आठच होत्या. दोघे एकमेकांना मित्र म्हणायचे आणि एकमेकांच्या मरणाची वाट पाहायचे. डॉक्टर परगावी असताना काटेसाहेबांनी वर्तमानपत्रात, पुढे पंप दुरुस्त करत राहिलेल्या त्या बासवाल्याच्या निधनाची बातमी वाचली आणि स्वच्छ शर्ट घालून निघाले.

पंपवाल्याची बायको कोपऱ्यात बसली होती. लहानखुरी, ताठ, न रडणारी. मुलीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

“तुम्ही त्याच्या वाजवण्याच्या वेळचे का?” तिने विचारलं.

“हो.”

“मग बोला काहीतरी. इथे सगळे पंपाचंच बोलले.”

काटेसाहेब उभे राहिले. माणसाबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण आठ तबकड्यांतला त्याचा एकेक स्वर पाठ होता. ते त्यावर बोलले. तिसऱ्या तबकडीत ढोलवाला लय सोडून पळतो तेव्हा याने त्याला कसं धरून आणलं, पाचवीत अख्ख्या गाण्यात दोनच स्वर वाजवून गाणं कसं पेललं. शब्दन् शब्द खरा होता. पंपखात्यातली माणसं मान खाली घालून ऐकत राहिली. एकाने डोळे पुसले. काटेसाहेबांना ते पाहून किळस आली. समजलं काही नाही आणि रडतायत.

लोक गेल्यावर मुलीने स्वतःहून कपाट उघडलं. जुन्या वॉशरांचे डबे, ग्रीसची ट्यूब, आणि मागे उभी ठेवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली नववी.

“काका, हीच का तुम्ही म्हणता त्यातली?”

काटेसाहेबांनी मान हलवली आणि हात पुढे केला.

“आमच्याकडे वाजवायचं मशीन नाही,” मुलगी म्हणाली. “बाबांनी कधी ऐकवली नाही. तुम्ही न्या. तुमच्याकडे नीट राहील. फक्त एकदा आईला ऐकवाल का? तुम्ही सांगाल तेव्हा येऊ.”

“कधीही या,” काटेसाहेब म्हणाले. मुलीने मोबाइल काढला. त्यांनी नंबर सांगितला आणि शेवटचा आकडा बदलला.

घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. त्या खोलीत एकच खुर्ची होती. बायकोनेही तिथे बसायचं म्हणजे उभं राहायचं. तबकडी त्यांनी एकदाच वाजवली. दुसऱ्या बाजूला, मध्यावर, सॅक्सोफोन थांबतो, ढोल थांबतो, आणि बास एकटा पुढे जातो. घाई नाही, दाखवेगिरी नाही. जड सामान न आपटता उतरवून ठेवणाऱ्या माणसासारखा तो एकेक स्वर जागेवर ठेवत जातो. काटेसाहेब खुर्चीत पुढे वाकून ऐकत होते. संपल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो डॉक्टरचा.

डॉक्टर परत आल्या दिवशीच धावत आला. तबकडी उजेडात धरून त्याने वळवून वळवून पाहिली. वाजवा असं तो म्हणाला नाही.

“कव्हर कुरतडलंय,” तो म्हणाला.

“पण आहे,” काटेसाहेब म्हणाले.

“किती मागितले?”

“फुकट. वर धन्यवाद दिले. एकदा ऐकवा म्हणाली पोरगी. नंबर मागत होती.”

“दिलास?”

“दिला की. दोनाच्या ठिकाणी सात सांगितला.”

दोघे पोट धरून हसले. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

बायकोची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवर वायरी खुपसत, ती लोकांना लोक जोडून द्यायची. मुलगा होतोय म्हणून फोन करणारे, कोणी गेलं म्हणून करणारे, नुसतंच भांडायला करणारे. चुकीचा नंबर जोडला गेला तर तिला रात्री झोप लागत नसे. तिने ट्रे ठेवला आणि गेली. डॉक्टर गेल्यावर मात्र ती परत आली.

“ती बाई नंबर फिरवत बसली असेल,” ती म्हणाली.

“कोण बाई?”

“जिच्या घरून वस्तू उचलून आणलीत ती.”

“दिली तिनं. आणि तिला त्यातलं काय कळणार आहे?”

“तुम्हाला काय कळलं?”

“तुझ्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.”

“नाहीच,” बायको म्हणाली. “इतकी वर्षं मला वाटायचं, माणूस तुसडा आहे पण खोटा नाही. तराजूला शिक्का मारताना तरी खरं मोजत असेल. आता तेही म्हणवत नाही.”

काटेसाहेबांनी दाराला आतून कडी घातली. बायका असं बोलतात. दोन दिवस अबोला आणि मग आमटीत मीठ जास्त, एवढंच होतं त्यांच्या हिशेबी.

अबोला झाला नाही. बायको नेहमीसारखी बोलत राहिली, आणि रविवारी सकाळी बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडली ती दुपारी परत आली. पिशवी रिकामीच होती. मागे पंपवाल्याची म्हातारी बायको आणि मुलगी होती.

“पाणीपुरवठ्याच्या कॉलनीत कोणीही घर दाखवतं,” बायको म्हणाली. “या, आत या. बसा.”

“काका, नंबर लागतच नव्हता,” मुलगी म्हणाली. “कोण तरी भलताच माणूस उचलायचा. शेवटी शेवटी शिव्या द्यायला लागला.”

“घाईत चुकला असेल,” काटेसाहेब म्हणाले.

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. दुकानदाराच्या तोंडावर खोटं वजन पकडल्यावर ते स्वतः जसे पाहायचे तसंच ते पाहणं होतं, फक्त त्यात रस नव्हता.

“असेल,” ती म्हणाली. “लावा.”

बायकोने स्वयंपाकघरातून दोन खुर्च्या आणल्या आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. काटेसाहेबांनी तबकडी लावली. यांना ऐकवायचं म्हणजे गटारात अत्तर, असं त्यांच्या मनात येत होतं. म्हातारी मांडीवर पर्स घेऊन, बँकेत नंबर यायची वाट पाहावी तशी बसली होती. पहिली बाजू संपली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काटेसाहेबांना बरं वाटलं. त्यांनी दुसरी बाजू लावली.

सॅक्सोफोन थांबला. ढोल थांबला.

“हा तोच का?” म्हातारीने विचारलं.

“हो.”

“बरोबर दुसरं कोणी नाही?”

“नाही. इथे एकटेच आहेत.”

ती ऐकत राहिली. पर्सच्या बंदाला धरलेली बोटं सैल झाली. बाजू संपून सुई आत सरकली. मग म्हातारी म्हणाली, “पुन्हा लावा.”

“प्रत्येक वेळी वाजवलं की झिजते ती,” काटेसाहेब म्हणाले.

“झिजू दे. लावा.”

त्यांनी लावली. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा काटेसाहेबांनी आशेने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान फिरवली. त्यांनी तिसऱ्यांदाही लावली.

“लग्नाच्या आधी ते वाद्य विकून टाकलं त्यानं,” म्हातारी कोणाला उद्देशून नाही अशी बोलली. “मी विचारलं, का विकलंस. तर म्हणाला, जमत नाही मला. आयुष्यभर तेच म्हणाला. कोणी विचारलं की, जमलं नाही बुवा. मीही तेच सांगायची लोकांना. आमच्या ह्यांनी वाजवून पाहिलं थोडे दिवस, पण जमलं नाही.”

मुलगी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली. म्हातारीने हात बाजूला केला.

“जमत होतं की,” ती म्हणाली.

काटेसाहेबांना वाटलं, हीच वेळ आहे बोलण्याची. ते म्हणाले, “जमत होतं म्हणजे काय, बाई. अख्ख्या देशात तोडीचा माणूस नव्हता. नुसतं ‘जमत होतं’ म्हणणं म्हणजे...”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे काय. फार वर्षांपासून.”

“आणि आमचं घर इथून बसने अर्ध्या तासावर.”

त्या माणसाला जाऊन भेटावं, असं काटेसाहेबांना कधी वाटलंच नव्हतं. भेटून करायचं काय? माणसं भेटली की निराशा होते. त्यांना तबकडी हवी होती.

म्हातारी उठली. “काढा ती. मी नेते.”

“नेता?” काटेसाहेब म्हणाले. “अहो, तुमच्याकडे मशीन नाही. कपाटात ग्रीस आहे, दमट आहे. इथे सुरक्षित राहील. आणि ती मला दिली होतीत तुम्ही.”

“मित्राला दिली होती,” म्हातारी म्हणाली.

काटेसाहेबांनी तबकडी उचलली, आतल्या कागदात घातली, मग कुरतडलेल्या कव्हरात. ते इतक्या सावकाश करत होते की शेवटी बायको पुढे झाली, तिने कव्हर त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हातारीला दिलं.

“बसपर्यंत पोचवून या यांना,” ती म्हणाली. हे सांगणं नव्हतं, हुकूम होता. लग्नानंतर प्रथमच त्यांनी तो निमूटपणे पाळला.

थांब्यावर बस लागलेलीच होती. मायलेकी चढल्या. म्हातारी खिडकीशी बसली आणि तबकडी तिने मांडीवर आडवी ठेवली. दुपारचं ऊन सरळ त्या खिडकीतून आत येत होतं. बंद काचेआडच्या अशा उन्हात तबकडी मऊ पडायला वेळ लागत नाही, ती वाकते, आणि मग त्या वाकलेल्या तबकडीतून कोणाचाच धड स्वर निघत नाही.

त्यांनी काचेवर टकटक केली. म्हातारीने पाहिलं. त्यांनी तबकडीकडे बोट दाखवलं, मग आकाशाकडे, मग दोन्ही हातांनी ती बाजूला घ्या, सावलीत घ्या अशी खूण केली. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं, आवाज आत जाणं शक्य नव्हतं. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं.

म्हातारी काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला उमगलं असं तिला वाटलं असावं. तिचा चेहरा थोडा निवळला. हट्ट करणाऱ्या पोराला शेवटचं एकदा दाखवावं तशी तिने ती तबकडी मांडीवरून उचलली आणि काचेला लावून, भर उन्हात, त्यांना नीट दिसेल अशी उभी धरली. बस वळेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.