ईशानची माय

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ईशाननं बायको सोडली आणि शुक्रवारी सकाळी अकोल्याच्या फूलबाजारात पार्बताबाईला तोंड लपवायला जागा उरली नाही.

ईशान म्हणजे 'गुंतले तुझ्यात पुन्हा' या मालिकेचा नायक, आणि ईशानचं काम करतो पार्बताबाईचा शेखर. दीड वर्ष हा ईशान त्याच बायकोसाठी, देवयानीसाठी, झुरला. तिच्यापायी बापाचा बंगला सोडून भाड्याच्या खोलीत राहिला, ती तापानं फणफणली तेव्हा तीन भाग उपाशी बसला, आणि त्या सगळ्या उपासांचं पुण्य पार्बताबाईच्या पदरात पडलं. बाया मुद्दाम वाट वाकडी करून तिच्याकडून शेवंती न्यायच्या. "असा पोरगा पोटी याले नशीब लागते," म्हणायच्या. "अवं, ते खोटं असते सारं," असं पार्बताबाई वरवर म्हणायची आणि ओंजळभर फुलं वर टाकायची. खोटं असतं हे ठाऊक असूनही कौतुक मात्र खऱ्यासारखंच घ्यायची. कोण नाही घेणार?

पण कौतुक घेतलं की शिव्याही घ्याव्या लागतात, याचा विचार तिनं केला नव्हता.

"काहो मावशी, काय कमी होतं देवयानीत?" रोजच्या एका मास्तरीणबाईनं हारासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "तुमी काही बोलत नाई का त्याले?"

"मी काय बोलू? ते लिहून देतात, तो म्हणते."

"लिहून देणाऱ्यानं विहिरीत उडी घे म्हटलं, तर घेईन का?"

तेवढ्यात कॉलेजची एक पोरगी गजरा घ्यायला आली. तिचं तिसरंच. "काकू, खरं सांगू? आधी ईशान फार मिळमिळीत होता. आता पाहा कसा भारी करून राहिला! देवयानीशी खोटं बोलताना कसा अडखळला, कसा चिडला. वाटे, खरंच बोलून राहिला." शेजारी पेरूच्या टोपलीमागं बसलेली हलीमाबी फिसकन हसली. "काय का भारी? मेरी बेटी जेबा बोलती, पहले दिल से रोता था, अब खाली ओठ हिलाता. पर तू टेन्शन मत ले पार्बता, पोट्टे का कसूर नहीं, लिखनेवाले का डोस्का सटक गया."

एकीनं पोराला नालायक ठरवलं, दुसरीनं गुणी, तिसरीनं निर्दोष पण बिनकामाचा. पार्बताबाईनं हाराच्या दोऱ्यात दोनदा पिवळ्यानंतर पिवळंच फूल ओवलं आणि मग उसवत बसली. चांगलं काम केलं म्हणून रागावतात की रागावतात म्हणून काम चांगलं, हे काही केल्या तिच्या ध्यानात येईना.

नवऱ्याला विचारावं, तर ओमप्रकाशला मालिकेशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या शेवंतीवर मावा पडला होता. "तो नाटक करून राहिला, तू कावून डोस्कं खराब करतं?" एवढं बोलून तो फवारणीला निघून गेला.

शनिवारी अमरावतीहून जानरावांचा फोन आला. जानराव म्हणजे आकांक्षाचे वडील, आणि आकांक्षा म्हणजे शेखरची ठरलेली बायको. दोन वर्षांपूर्वी साक्षगंध झालं, अंगठी घातली, पेढे वाटले गेले. नंतर शेखरला मालिका मिळाली आणि लग्नाची तारीख या दिवाळीहून त्या दिवाळीवर जात राहिली.

"इहीनबाई, एकदा येऊन जा," जानराव म्हणाले. "फोनवर बोलण्याजोगं नाई."

पार्बताबाईनं मनाशी ताडलं: यांनीही गुरुवारचा भाग पाहिला. तिला जरा रागच आला. शिकलीसवरली माणसं, पोरगी शिकवणीचे वर्ग घेते, आणि मालिकेतलं खरं धरून बसतात! आपणही बाजारात ईशानच्या कौतुकाचे पेढे खात होतो, याचा तिला त्या घडीला सोयीस्कर विसर पडला.

रविवारी सकाळच्या बसनं ती निघाली. सोबत शेवंतीच्या वेण्या आणि पाठ केलेलं भाषण. शेजारच्या सीटवरची बाई मोबाइलवर तोच भाग पुन्हा पाहत होती.

"पाहा व बाई," तिनं स्क्रीन पार्बताबाईपुढे धरली. "याच्या डोयातच खोट आहे. मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली, हा पोट्टा सरळ नाई."

पार्बताबाईनं पाहिलं. डोळे तिच्या शेखरचे होते. खोट कुठं दिसते ते शोधायला तिनं मान पुढे केली, आणि आपण हे काय करतो आहोत हे लक्षात येताच चटकन खिडकीबाहेर पाहू लागली. बडनेरा येईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

राजापेठेत जानरावांचं घर दुकानांच्या वरच्या मजल्यावर. रविवार असूनही जिन्यात पोरांच्या चपलांचा खच होता, आतून गणिताची उजळणी ऐकू येत होती. जानरावांनी पाणी दिलं, त्यांच्या बायकोनं, रागिणीबाईंनी, चहा ठेवला. पेल्याला हात लावायच्या आधीच पार्बताबाईनं भाषण सुरू केलं.

"भाऊ, पहिले माह्यं ऐका. त्यानं तिले सोडलं नाई. त्याले सोडाले लावलं. दोन महिन्यांत तो वापस येते, मले मुंबईहून पक्कं समजलं. देवयानीले सुदिक माफी मागते तो."

जानरावांनी बायकोकडे पाहिलं. "कोण देवयानी?"

"त्याची बायको!"

जानराव खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे लग्न करून बसला तो?"

"अवो, टीव्हीतली, टीव्हीतली," रागिणीबाई कप घेऊन बाहेर आल्या आणि मुद्दा सोडून भलतीकडेच शिरल्या. "पण इहीनबाई, माफी मागून काय होते? मी तर म्हणते देवयानीनं त्याले घरातच घेऊ नये. कसं तोंड फिरवलं त्यानं!"

"पण त्या दुसरीनं फसवलं ना त्याले!" पार्बताबाईचाही तोल गेला. दोघी दहा मिनिटं ईशानवरून भांडल्या, आणि जानराव कुणाच्या पोराचं कुणाशी काय झालं ते जुळवत मधे बसून राहिले.

वर्ग सुटला. पोरं धडधडत जिना उतरली आणि आकांक्षा खडूचे हात पुसत बाहेर आली. ती वाकून पाया पडली. साक्षगंधापासून ती पार्बताबाईला 'आई' म्हणायची.

"काकू," ती म्हणाली, "मालिकेचं सोडा. आम्ही तुम्हाला मालिकेसाठी नाही बोलावलं."

'काकू' हा शब्द तिला कानाखाली बसल्यासारखा लागला.

"पंधरा दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. म्हणाला, लग्न नको, मला जमणार नाही. दोन दिवसांनी म्हणाला, विसर ते, कामाचा ताण होता, लग्न करू. परवा परत रडला. मी सरळ विचारलं, दुसरी कुणी आहे का? म्हणाला, शप्पथ, कुणी नाही." आकांक्षाचा आवाज शांत होता, पण हातातला रुमाल तिनं पिळून दोरी केला होता. "मला भांडायचं नाही काकू. मला फक्त खरं काय ते पाहिजे. तोच म्हणतो, आईसमोर माझं खोटं टिकत नाही. तुम्ही विचारा. तुम्ही जे सांगाल ते मी मानते."

पार्बताबाईच्या जिवात जीव आला. एवढंच ना! हे तिला येत होतं. शेखरचं खोटं तिला लहानपणापासून ओळखू यायचं आणि त्याची खूण तिनं कुणालाच, नवऱ्यालाही सांगितली नव्हती. शेखर खोटं बोलला की पाठ केलेल्या कवितेसारखा घडाघडा बोलायचा. खरं बोलताना मात्र अडखळायचा, चिडायचा, "सांगतलं ना, सांगतलं ना" करत लाल व्हायचा. शेजाऱ्याच्या संत्र्यांची चोरी असो की परीक्षेतले मार्क, तिचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

तिनं व्हिडिओ फोन लावायला आकांक्षालाच सांगितलं. शेखरनं उचलला. ईशानच्याच कपड्यात होता, कपाळावर रंगाची नकली जखम, मागे कुणीतरी दिवे सरकवत होतं.

"आई? तू अमरावतीत?"

"हो. माह्याकडे पाह्य. आकांक्षाले सोडून दुसरी कोणी आहे का तुह्या मनात?"

"नाही... म्हणजे... आई, सांगतलं ना तिले!" त्याचे कान लाल झाले. "सांगतलं ना! किती वेळा... तुम्ही सगळे... कोणी नाई म्हटलं ना!"

अडखळला. चिडला. लाल झाला. खरं! पार्बताबाईच्या ओठांवर हसू आलं, ती आकांक्षाकडे वळली आणि तिथंच थांबली.

गुरुवारी देवयानीशी खोटं बोलताना तो अगदी असाच अडखळला होता. असाच चिडला होता. कॉलेजच्या पोरीनं वाखाणलं होतं ते हेच, आणि बसमधल्या बाईला खोट दिसली होती ती यातच. पार्बताबाईनं स्क्रीनकडे पुन्हा पाहिलं. समोर शेखर होता की ईशान? डोळे भरून आले होते, पण तसे तर ते रोज साडेसातलाही भरत. पोटच्या पोराची एकुलती एक खूण, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती पोरानं साऱ्या महाराष्ट्राला दाखवून टाकली होती. त्याचा बिचाऱ्याचा दोष असेल नसेल. पण आता खरं-खोटं ओळखायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"आई, काहीतरी बोल ना," शेखर म्हणाला.

"मंग बोलते," म्हणून तिनं फोन आकांक्षाच्या हाती दिला. आकांक्षानं तो बंद केला.

"काय, काकू?"

तिघंही तिच्या तोंडाकडे पाहत होती. 'खरं बोलते पोट्टा' एवढं म्हटलं असतं, तर पुढच्या महिन्यात मांडव पडला असता. तिला ते फार फार म्हणावंसं वाटलं.

"मले नाई समजलं, पोरी," ती म्हणाली. "मी त्याची माय आहे अन् मले नाई समजलं. तुले जन्मभर कसं समजन?"

पार्बताबाईनं डोळे पुसले आणि एकदम कामाच्या आवाजात बोलू लागली. "भाऊ, साक्षगंध मी मोडून राहिली. पोरीकडून मोडलं की लोक पोरीलेच बोलतात, तवा तुमी सांगजा, अकोल्याची बुढी भल्ली खराब निघाली, पोरगा टीव्हीत गेला तशी चढून गेली. म्हणू द्या. दे बेटा, ती अंगठी दे इकडे."

जानराव "इहीनबाई, थांबा, घाई..." म्हणत उठले आणि पुन्हा बसले. आकांक्षा अंगठी काढू लागली. दोन वर्षांत ती बोटात रुतली होती. रागिणीबाईंनी मुकाट्यानं साबण आणि पाण्याचा गडू आणून ठेवला.

"आणि तो खरंच बोलत असेल तर?" फेसाळल्या बोटाशी झटत आकांक्षानं खाली मान घालून विचारलं.

पार्बताबाईच्या मनात फोन बंद झाल्यापासून तेच चाललं होतं.

"तर मी माह्या लेकराचं वाटोळं केलं," ती म्हणाली आणि अंगठीसाठी हात पुढे केला.