पहिला चमचा ताईचा

साठी उलटली तरी तिला सगळे बारकीच म्हणत. उभं आयुष्य तिने पोहण्याच्या तलावावर काढलं होतं, गळ्यात शिट्टी अडकवून, लोकांच्या मुलांच्या मनातली पाण्याची भीती घालवत. खांदे अजून रुंद, आवाज असा की कुजबुजली तरी शेजारी ओ देतील. पण थोरल्या बहिणीच्या दारात उभी राहिली की ती आपोआप बारकी होऊन जायची.

या खेपेला दार उघडायला ताईने बराच वेळ लावला. उघडलं तेव्हा चेहऱ्यावर ओळखीची खूणच नव्हती.

"कोण पाहिजे?" ताईने विचारलं.

बारकी हसली. ताईच्या चेष्टा तिला नव्या नव्हत्या. पण ताई हसली नाही. क्षणभराने तिच्या डोळ्यांत काहीतरी जागेवर आलं आणि ती म्हणाली, "अगं तू होय. ये."

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नव्हती. सकाळचा पेपर हातात पडला की पेन्सिल घेऊन त्यातल्या चुकांवर गोल काढायचे, हा तिचा नेम. टेबलावर पेपरांची चळत होती. बारकीने वरचे चार-पाच चाळले. एकावरही पेन्सिल उठलेली नव्हती.

मग एकेक लक्षात येत गेलं. ताई तांब्यावर तांबे पाणी पीत होती आणि सारखी उठून संडासाकडे जात होती. ताटातलं चिवडून तसंच ठेवत होती. तेच तेच पुन्हा विचारत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र बाटल्या आणि पुड्या पलटणीसारख्या ओळीने उभ्या होत्या.

"हे काय दुकान मांडलंयस?" बारकीने विचारलं.

ताईचा चेहरा जरा उजळला. "ही मुलाने पाठवली. हाडांसाठी. ही वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आणून दिली, कॅल्शियमची. ही आमच्या फिरायला जाणाऱ्या बायकांनी वाढदिवसाला दिली, ताकदीची. या पुड्या डॉक्टरांच्या. दुधातून घ्यायच्या. घेतल्या तेव्हा इतकं बरं वाटलं होतं मला! मग म्हटलं, अधिकस्य अधिकं फलम्. रोजच घेते आता."

बारकीने रात्री भाच्याला फोन लावला. तो दूरदेशी. म्हणाला, "मावशी, वय झालंय आईचं. विसरणारच. मी मेंदूसाठीच्या गोळ्या पाठवतो, चांगल्या असतात."

"तू थांब जरा," बारकी म्हणाली. "आधी मी तिला डॉक्टरकडे नेते."

दुसऱ्या दिवशी निघताना ताई अडून बसली. दुपारच्या गोळ्या चुकतील म्हणे. वाद कोण घालणार? बारकीने अख्खी खिडकी एका पिशवीत भरली आणि पिशवीसकट ताईला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं, मग पिशवी टेबलावर पालथी केली. एकेक बाटली फिरवून त्या मागची बारीक अक्षरं वाचू लागल्या. पुडीपाशी आल्यावर थांबल्या.

"ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती पण थोडेच आठवडे. तुम्ही रोज घेताय?"

बारकीनेच मान हलवली.

"ही ड जीवनसत्त्वाची आहे, बरीच मोठी मात्रा असते यात. या बाटलीतही ड आहे, हिच्यातही. वर हे कॅल्शियम. बाई, काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात. हे जात नाही. चरबीत मुक्काम ठोकतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवत बसतं. तहान, मळमळ, विसरणं, सगळं त्यानेही होऊ शकतं. आजच रक्त तपासू."

संध्याकाळपर्यंत अहवाल आला. डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा होता, आणि मूत्रपिंडांवरही ताण आला होता. ताईला दाखल करून सलाइन लावलं. सगळ्या बाटल्या बंद झाल्या.

दवाखान्याच्या खोलीत खुर्ची ओढून बारकी बसून राहिली. ताई डोळे मिटून पडलेली. बारकीला त्यांचं जुनं घर आठवत होतं. मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या, जिथे ऊन कधी वाट चुकूनही येत नसे. पुढच्या खोलीत बाबा घड्याळं दुरुस्त करत. बारकी चालायला लागली ती फेंगडीच. गुडघे बाहेर, पाय कंसासारखे. डॉक्टर म्हणाले, मुडदूस आहे, मुलीला उन्हात न्या आणि माशाचं तेल द्या.

काय वास होता त्या तेलाचा! बारकी ओठ गच्च मिटून घ्यायची. मग ताई पुढे यायची, आ करायची, आणि पहिला चमचा गिळून चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायची, "बघ, काही नाही." मग बारकी प्यायची. आईला घाई. ती म्हणायची, दोन चमचे द्या की, लवकर सरळ होतील पाय. बाबा ऐकत नसत. "घड्याळाला जास्त चावी दिली म्हणून उद्या लवकर उजाडत नाही. स्प्रिंग तेवढी तुटते." एकच चमचा, तोही काठोकाठ नाही. शाळेत जायच्या वयापर्यंत बारकीचे पाय सरळ झाले.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताईने डोळे उघडले ते पूर्वीचेच. पहिलं वाक्य म्हणजे, "तुझ्या घोरण्याने बाजूच्या खोलीतले पेशंट बरे होऊन घरी पळाले असतील."

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने तेलाची गोष्ट काढली. "माझ्यासाठी तू किती सोसलंस, ताई. तुला गरज नसताना रोज ते घाणेरडं तेल प्यायलीस."

"तुझ्यासाठी?" ताई म्हणाली. "छे गं. चमचा देताना बाबा माझ्या हनुवटीला हात लावायचे. एरवी त्या घड्याळांच्या पोटातून त्यांची मान वर निघायची का कधी? तेवढ्यासाठी मी बादलीभर प्यायले असते."

जन्मभर बारकीने जो त्याग म्हणून मनात जपला, तो असा निघाला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट तेलासाठी आ करून उभी असलेली ती परकरातली पोर पहिल्यांदाच नीट दिसली. थोरली असली तरी पोरच. आणि खिडकीतल्या बाटल्याही कळल्या. प्रत्येकीमागे कुणीतरी ताईची चौकशी केली होती. ती कशी टाकवणार?

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोळी चालू ठेवली, बी ट्वेल्व्हची. ते जीवनसत्त्व रक्तात खरोखरच कमी होतं. "ही सोडायची नाही. बाकी काहीही घेण्याआधी मला विचारायचं. कुणी प्रेमाने दिलं तरी."

"प्रेमाने दिलेलंच तर नडलं," ताई म्हणाली.

त्या रविवारी भाच्याचा फोन आला. बिचारा ओशाळला होता. "आई, आता काय पाठवू तुला?"

"काही पाठवू नकोस," ताई म्हणाली. "जमलं तर तू ये."

तो सुट्टीत आला. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून एक शाल तेवढी घेऊन आला. जेवणं झाल्यावर त्याने आजोबांबद्दल विचारलं. घड्याळं दुरुस्त करायचे यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. ताईने सांगायला सुरुवात केली. ती गल्ली, शेजारचा चप्पल शिवणारा, रोज दुपारी दारात येऊन झोपणारी कुणाची तरी मांजर.

"आणि घराचं दार हिरवं होतं," ताई म्हणाली.

"निळं," बारकी म्हणाली.

"तुला काय आठवतंय, तू एवढीशी होतीस."

"एवढीशी होते म्हणूनच. मी दिवसभर दाराकडेच बघत बसायचे, मला धड चालता कुठे यायचं?"

भाचा एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत राहिला. चहा झाला, बाहेर दिवे लागले, दाराचा रंग काही ठरेना.