'अप्पा' नावाची ओळ

पुलाच्या कामावरच्या पत्र्याच्या कार्यालयात नागवेणी भट एकटीच वेळापत्रक सांभाळत असे. पडद्यावर प्रत्येक कामाच्या दोन पट्ट्या होत्या : ठरलेल्या तारखांची राखाडी आणि सध्याच्या तारखांची निळी. नवव्या खांबाखाली खडक लागेना, तेव्हापासून निळ्या पट्ट्या उजवीकडे सरकत चालल्या होत्या.

अगदी तळाशी तिने एक ओळ स्वतःची घातली होती : 'अप्पा'. शिरसीला एकट्या राहणाऱ्या वडिलांकडे कायमचे परतण्याचा दिवस. ही ओळ तिने पुलाच्या रंगकामाला जोडली होती; रंगकाम लांबले की अप्पाही आपोआप लांबत. मूळ तारीख युगादीची, म्हणजे पाडव्याची होती, सध्याची दिवाळीनंतरची. दर वेळी ती नवी तारीख फोनवर कळवी आणि अप्पा ती कॅलेंडरवर लिहून घेत.

सोमवारी प्रकल्पप्रमुख मंजप्पा म्हणाले, "सुधारित वेळापत्रक मंजूर झालं. आजच्या तारखाच मूळ म्हणून साठव, म्हणजे फरकाच्या रकान्यात सगळीकडे शून्य येईल."

नागवेणीने सगळ्या ओळी निवडल्या. तळाची तेवढी वगळली. ती युगादी पुसायला तिचा हात धजेना.

छापील कागद पाहून मंजप्पा थबकले. "हे काय ग? अख्खा पूल वेळेवर, आणि हे अप्पाच दोनशे तेरा दिवस उशिरा?"

"माझे वडील आहेत, सर."

"मग त्यांना रंगकामाला कशाला बांधलंस? रंग तुझे अप्पा लावणार आहेत?" ते हसले, मग कागद खाली ठेवला. "काढ ती ओळ," म्हणाले, पण हळू.

तिने ओळ काढली नाही, जोडणी तोडली. आता तारीख कोणत्याच कामावरून निघेना, ती स्वतःच भरावी लागणार होती. तिने पुढच्या महिन्याची पहिली तारीख भरली आणि राजीनामा लिहून मंजप्पांच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी तिने फोन केला. "अप्पा, एक तारखेला येते. लिहून घ्या."



"कॅलेंडर श्रावणातच उतरवलं, पोरी," अप्पा म्हणाले. "खाडाखोड फार झाली होती. आलीस की कडी वाजव. मला हल्ली हाक ऐकू येत नाही."