हिरवी गळती

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. बावीस वर्षांत तिचा हात असा बसला होता, की बेशुद्ध उंदराच्या शेपटीतल्या शिरेत चमकणारा रंग पहिल्याच टोचणीत जायचा. मग कान काचेखाली पसरायचा, लेझर लावायचा, की पडद्यावर रक्तवाहिन्यांचं हिरवं जाळं उजळायचं.

मधुमेही उंदरांच्या वाहिन्या लवकर पाझरू लागतात, असं सरांचं तीन वर्षांचं संशोधन सांगत होतं. लेख छपाईला गेला होता.

त्या मंगळवारी मधुमेही उंदीर संपवून तिने निरोगी उंदीर घेतला. अर्ध्या तासात त्याच्याही वाहिन्यांभोवती हिरवं धुकं पसरलं. तिने लेझरचा आकडा पाहिला. मधुमेही उंदरांची चित्रं अंधूक येत, म्हणून त्यांच्यासाठी ती लेझर थोडा वाढवायची. कुणाला विचारलं नव्हतं, कुठे लिहिलंही नव्हतं. आज तो खाली आणायचा राहिला होता.

मूग गिळून बसणं सोपं होतं. ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, गळती आजाराने होत नसावी. माझ्या लेझरने होत असावी."

सरांनी चष्मा काढला. "आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला, मला आणि त्या उंदराला."

ते हसले नाहीत.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी राहील ना?"

"ते सरांना विचार."

पुढचे दहा दिवस तिने आणि सरांनी सगळे उंदीर एकाच मंद प्रकाशात तपासले. कुणाच्याच वाहिन्या पाझरल्या नाहीत. सरांनी तिच्यासमोरच लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. मग महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिला ते लागलं, पण तिने तक्रार केली नाही. लेझरचा आकडा मात्र दरवेळी वहीत लिहू लागली.

वर्षभराने, रक्तवाहिन्यांना किती प्रकाश सोसतो यावर एक छोटा लेख छापून आला. लेखकांत तिचं नाव दुसरं होतं. नवऱ्याने तो मोठ्या कौतुकाने वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला घोरू लागला.