घरची पत्रिका

“मामू, आता काय म्हणते ते?” फोनवर दानिशनं विचारलं.

“म्हणते, आनखी एक लायब्ररी पायजे. तू देलेली बसली, तं तिले आता तिची बहीण पायजे!” गयासुद्दीननं माऊस टेबलावर आपटला.

चांदूर रेल्वेच्या बाजारात त्याचं पत्रिका छापायचं दुकान होतं. गावातली अर्धी लग्नं त्याच्या हातून गेलेली. पण बुडालेल्या कापसानं गावाची अशी काही दैना केली होती, की अलीकडे लग्नाच्या पत्रिका कमी आणि तेराव्या दिवसाच्या, तेरवीच्या जास्त निघत. तेरवीचा मजकूर तर कॉम्प्युटरवर तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं. आणि त्याची गयासुद्दीनला मनातून लाज वाटायची. म्हणूनच मुलीचं, अमरीनचं लग्न ठरलं तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, “कुलसुम, हे पत्रिका मायाच दुकानातून निंगन. अशी साजरी, का अकोलेवाले पाहतच राहतीन.” ते अकोल्याचे व्याही उद्या पत्रिका न्यायला येणार होते.

गाडं अडलं होतं प्रिंटरपाशी. व्हायरसनं जुनी विंडोज खाल्ली, तेव्हा दानिशनं, अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या या भाच्यानं, फुकटातलं लिनक्स टाकून दिलं. पत्रिका पडद्यावर देखणी दिसत होती, पण प्रिंटरचा ड्रायव्हर काही केल्या बसेना. त्याला एक लायब्ररी, म्हणजे जोडीचं सॉफ्टवेअर हवं, त्या लायब्ररीला दुसरी, दुसरीला तिसरी. दुकानातलं इंटरनेट कधीचंच बंद. मग दानिशनं होस्टेलवरच्या आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, गयासुद्दीननं रेल्वेनं जाऊन पेनड्राइव्ह आणायचा, लावायचा आणि मशीनची नवी मागणी ऐकायची, असा आठवडाभर तमाशा चालला होता. देण्याघेण्यावरून अडून बसलेल्या वरपक्षानंही इतके नखरे केले नसते.

“सगळं एकाच टायमाले काहून नाई उतरत रे तुयाकडं?”

“मामू, चूक मायीच हाय. माया मशीनवर बाकीचं पयलेच हाय ना. म्हणून मायाकडं जे नाई, तेवढंच उतरते.”

“म्हंजे तुयं पोट भरलेलं, म्हणून माया ताटात एकच घास वाढून राह्यला तू?”

“चिडू नका ना. जुनी एक लायब्ररी आडवी येत असन. तेवढी काढून पाहू.” दानिशनं एकेक अक्षर सांगितलं, गयासुद्दीननं एका बोटानं टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीचा लोंढा आला. “काय आलं मामू? वाचल्याबिगर काही दाबू नका बरं...” आणि रेंज गेली.

गयासुद्दीननं फक्त शेवटची ओळ वाचली. पुढं जायचं असेल तर हे वाक्य टाइप करा, असं मशीन म्हणत होतं: येस, डू ॲज आय से. म्हणजे, होय, मी सांगतो तसं कर. आठवडाभर त्याचं एक न ऐकणारं हे यंत्र आता स्वतःहून वठणीवर आलं होतं. वर काय लिहिलंय ते गेलं उडत! त्यानं ते वाक्य चवीचवीनं टाइप केलं आणि बटण दाबलं.

मशीननं अगदी सांगितलं तसं केलं. त्या एका लायब्ररीवर अख्खा डोलारा उभा होता, तो भराभर उतरवला. आयकॉन गेले, पत्रिका गेली, पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

कुलसुमबी डबा घेऊन आली. “छापल्या का जी?”

त्यानं मान हलवली. त्याला रडू आवरेना. “पोरीचं एक काम होतं कुलसुम,” तो म्हणाला. “तेबी मायानं झालं नाई.”

नशीब, मजकुराची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये होती. दुपारच्या गाडीनं तो अमरावतीला चिंतामणच्या प्रेसवर गेला. धंद्यातली जुनी ओळख, पण आजवर तिथं त्यानं कधी काम नेलं नव्हतं. चिंतामणनं एका शब्दानं काही विचारलं नाही, चहा मागवला आणि पत्रिका मशीनवर लावली. नमुन्याचा पहिला कागद गयासुद्दीनच्या हाती दिला.

पत्रिकेच्या अगदी तळाशी, जिथं छापणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात टाकायची रीत असते, तिथं लिहिलं होतं: अमरीन प्रिंटर्स, चांदूर रेल्वे.

“हे काढा, भाऊ. तुमच्या प्रेसचं टाका.”

“राहू द्या ना गयासभाई. पोरीच्याच नावाचं दुकान तुमचं. आन खाली कोण पाह्यते?”

“मी पाह्यतो जी. कोनाचीबी पत्रिका हाती आली, का मी पयले खालीच पाह्यतो.” त्यानं कागद परत पुढं केला. “छापलं तुमी. खोटं कायले लिवता?”

चिंतामणनं ओळ बदलली. मशीन सुरू झालं आणि पत्रिका एकावर एक पडू लागल्या. गयासुद्दीननं पहिली उचलली, पोरीचं नाव वाचायच्याही आधी खालची ओळ वाचली आणि गठ्ठा बांधायला सुतळी मागितली.