आईच्या कानाचं मशीन

बुडती कंपनी पोराने वाचवली, म्हणून पेपरात फोटो आला होता. पोरगा हुशारच. कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत मोठा साहेब झाला आणि आल्या आल्या जुन्या मॉडेलचे सुटे भागच बंद करून टाकले. जुनं दुरुस्त होईनासं झालं, की लोक झक मारत नवं घेतील. घेतलंही, ज्यांना परवडलं त्यांनी. बाकीचे मुकाट बहिरे झाले. त्यांचा आरडाओरडा कुठल्या मीटिंगमध्ये पोचतो?

आईचं मशीन त्या जुन्यातलंच. ते बंद पडलं तेव्हा दुरुस्तीवाला तिच्या कानाशी ओरडला, “आजी, भाग येत नाही आता! कुणा गाढवाने बंद केलाय!”

गाढव कोण, हे आईला ठाऊक होतं. पोराला कळू नये म्हणून ती मेलेलं मशीन कानात घालून वावरू लागली. तो रविवारी यायचा, बडबडायचा. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायची. आवाज तळहातात थरथरायचा. तो हसला की तीही हसायची. त्याला वाटायचं, माया. मायाच होती की.

त्या रविवारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला आणि आई हसत बसून राहिली. करपल्याचा वास आला. त्याने धावत जाऊन गॅस बंद केला, परत येऊन तिच्या मागे टाळी वाजवली. ती वळलीच नाही. त्याने हळूच मशीन काढलं, मॉडेल पाहिलं. त्यानेच बंद केलेलं.

“सांगितलं का नाहीस?” तो तिच्या कानाशी ओरडला.

“काय सांगू? दुरुस्तीवाला तुला गाढव म्हणाला. मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल, माझा पोरगा गणितात पहिला यायचा.”

“उद्या नवं आणतो. सगळ्यात भारी!”

“मला आणशील रे सोन्या. दुरुस्तीवाल्याकडे बाकावर आणखी बायका बसल्या होत्या. एकीला नातीचं बोलणं ऐकायचं होतं. त्यांची पोरं कुठे साहेब आहेत? तो भाग पुन्हा बनवायला सांग.”

पाठमोरा होऊन त्याने कारखान्यात फोन लावला. आईने पाठीवर हात ठेवला. आधी नुसती गुणगुण लागली, साहेबी. मग थांबली. पलीकडचा नाही म्हणाला असावा. आणि मग पाठ दणाणली, लहानपणी मित्रासाठी भांडायचा तेव्हा दणाणायची तशी.

“जरा हळू बोल,” आई म्हणाली, “हाताला मुंग्या आल्या माझ्या.”

हात मात्र तिने काढला नाही.